ताईच्या खोलीतला कॉम्प्युटर

आमच्या बेटावर एखादी वस्तू बंद पडली की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग लिसिआतेचं. घाईत असलेले क्रम उलटा करतात, पण ते पाद्रीबुवांच्या कानावर जाऊ देत नाहीत. होडीचं इंजिन, फ्रीज, शिवणयंत्र, चर्चचा कर्णा, म्हाताऱ्यांचे मोबाइल, सगळं त्याच्या अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाखाली येऊन पडतं. लिसिआते जेवून उठतो, हात पुसतो, आधी त्या वस्तूकडे नुसता बघत बसतो. त्याची बोटं राजेळी केळ्यांएवढी जाड आहेत, तरी त्याच बोटांनी तो तांदळाच्या कणीएवढा स्क्रू असा उचलतो की बघणाऱ्यानं श्वास रोखावा.

तरुणपणी तो ऑकलंडला गेला होता. आमच्या हापाईच्या बेटांवरला कोण जात नाही? बाकीचे गोदामात आणि बांधकामावर गेले, हा एका शेडमध्ये लागला. तिथं कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर झाडूनपुसून पुन्हा चालते करायचे. तिथंच तो लिनक्स शिकला. त्याचं म्हणणं, लिनक्स फुकट मिळतं, म्हाताऱ्या यंत्रावरही तक्रार न करता चालतं आणि उघडून आत बघू देतं. यावर त्याची बायको लुपे म्हणते, "म्हणजे माझ्यात नसलेले तिन्ही गुण."

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो परत आला. गाव म्हणालं, म्हातारा गेला की हाही जाईल. म्हातारा गेला, हा राहिला. कोणी कारण विचारलं तर म्हणतो, "तिथं मी यंत्रं दुरुस्त करायचो आणि कोणाची ते कळायचं नाही. इथं फ्रीज चालू झाला की संध्याकाळी मासा येतो." माणूस सुखी आहे. सुखी माणसावर लिहायला काय असतं असं लोक म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. दुःखी माणसं काय, ढिगानं मिळतात.

त्याच्याकडे येणाऱ्या कामांत निम्मं काम विसरलेल्या पासवर्डांचं असतं. आमची माणसं यंत्राला परवलीचा शब्द देतात तोच मुळी विसरण्यासाठी. लिसिआतेनं त्यांचे तीन वर्ग पाडले आहेत. माणूस समोर येऊन डोकं खाजवायला लागला की तो एकच प्रश्न विचारतो, "प्रार्थनेतला, मैदानातला की खुराड्यातला?" म्हणजे बायबलातलं वचन, रग्बी खेळाडूचं नाव, नाहीतर डुकराचं नाव. दहातले नऊ तिथंच सुटतात. दुकानदाराचा गल्ला त्याच्या लाडक्या डुकरिणीच्या नावानं उघडतो, आणि चर्चच्या खजिनदाराचा एका अशा खेळाडूच्या नावानं, ज्याला तो दर शनिवारी शिव्या घालतो. हे मला लिसिआतेनं सांगितलेलं नाही. तो कोणाचा शब्द कोणाला सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याच्याकडून शिकावं. मला हे त्या दोघांनी स्वतःच सांगितलं, बैठकीत काव्ह्याच्या मुळ्यांचं पेय चढल्यावर.

त्याची थोरली बहीण मेलेसेइनी आमच्या शाळेच्या मोठ्या बाई. लग्न केलं नाही. आधी भावंडं वाढवली, मग शाळा वाढवली, मग वडिलांचं केलं. उंच, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्या रस्त्यानं निघाल्या की कुत्रीसुद्धा बाजूला होतात. आणि बहीण म्हटल्यावर लिसिआतेच्या घरात तिचा शब्द शेवटचा, हे काही सांगायला नको. आमच्याकडे भाऊ बहिणीपुढे थट्टा करत नाही, तिच्यासोबत बसून सिनेमा बघत नाही, तिच्या निजायच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. एकत्र न्हाणं सुटलं त्या वयापासून लिसिआतेनं ताईची खोली आतून पाहिलेली नाही. शाळेच्या, चर्चच्या, वडिलांच्या थडग्यावरल्या फुलांच्या गोष्टी दोघं समोरासमोर बोलतात. त्यापलीकडचं काही असलं तर मध्ये लुपे.

शाळेचा कॉम्प्युटर लिसिआतेनंच बसवून दिला होता. ऑकलंडहून दान म्हणून आलेलं जुनं खोकं, त्यात त्यानं लिनक्स घातलं. एक खातं रोजच्या कामाला आणि एक मुख्य, ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या. मुख्य खात्याचा पासवर्ड त्यानं कागदावर लिहून बाईंना दिला आणि सांगितलं, "ताई, हा बदलून घ्या. तुमच्या यंत्राची किल्ली माझ्याकडे असणं बरं नव्हे." नाताळात बाईंनी तो बदलला. लिसिआते सुटल्यासारखा हसला आणि पुढे त्यानं कधी विचारलं नाही.

मग वादळ आलं. शाळेच्या कचेरीचं छप्पर उडून थेट रताळ्यांच्या वाफ्यात जाऊन बसलं. बाईंनी पावसात स्वतः ते खोकं उराशी धरून घरी आणलं. घरात गळत नव्हती अशी एकच खोली होती, त्यांची स्वतःची. यंत्र तिथं ठेवलं. त्यानंतर ते सुरू व्हायला दोन दिवस कुरकुरलं. लिसिआतेनं ओट्यावर बसून आवाज ऐकला आणि हुकूम सोडला की आतली माहिती साठवायची तबकडी म्हातारी झाली आहे, आता एकही धक्का सोसायची नाही, नवी येईपर्यंत हे खोकं कोणी जागेवरून हलवायचं नाही. आपल्याच हुकमात आपण अडकतो ते असं.

झालं असं, की राजधानीतून शाळेला निरोप आला. शेवटच्या वर्गातल्या मुलांचे वर्षभराचे गुण या वेळी नव्या प्रोग्रॅममधून पाठवायचे, शुक्रवार संध्याकाळच्या आत. गुण पोचले नाहीत तर ती मुलं परीक्षेला बसणार नाहीत. बाईंनी प्रोग्रॅम उतरवला, बसवायला गेल्या, तर यंत्रानं मुख्य खात्याचा शब्द मागितला. त्यांनी घातला. चूक. पुन्हा घातला. चूक. मग रोजच्या खात्यातूनच जबरदस्ती करून पाहिली, तेव्हा यंत्र इंग्रजीत म्हणालं की तुम्हाला हा अधिकार नाही, आणि या प्रकाराची वर्दी वर दिली जाईल. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वर्द्या देणाऱ्या बाई खुर्चीत मागे सरकल्या.

गुरुवारी सकाळी चर्चच्या बायका चटया विणायला बसतात, तिथं त्यांनी हळूच लुपेच्या कानात सांगितलं. दुपारी लिसिआते रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून, केस ओले करून बहिणीच्या ओट्यावर हजर झाला. लुपे बरोबर होतीच.

"बस," बाई आतल्या दारात चटई टाकून बसत म्हणाल्या. "नारळपाणी घे आधी."

"घेतो ताई. निरोप मिळाला."

"आणि ती वर्दी कोणाकडे जाते रे? राजधानीला?"

"नाही ताई. ती मुख्य खात्याकडे जाते. म्हणजे तुमच्याकडेच."

बाईंनी सुस्कारा सोडला. मग लिसिआतेनं, सवयीनं, काहीही मनात न आणता विचारलं, "शब्द कसला होता ताई? प्रार्थनेतला, मैदानातला, की…" पुढचं खुराडं त्यानं गिळलं. बहिणीपुढे डुकरांची थट्टा नको.

पण बाई चटईची एक काडी ओढत राहिल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल. "आठवत नाही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आतून हाक आली, "लुपे, जरा ये गं."

लुपे आत गेली आणि तोंडावर दाबायला पदर नसल्यामुळे हातच दाबून बाहेर आली.

"वन्सं म्हणतात, अर्धा आठवतोय. अक्षरांच्या जागी कुठं कुठं आकडे घातले होते, ते आठवत नाहीत. तो अर्धा मात्र तुला सांगण्यातला नाही."

"प्रार्थनेतला?"

"प्रार्थनेतला असता तर लपवला असता का?"

"मैदानातला?"

"अरे बावळटा, मैदानात कशाला धुंडतोस? समुद्रात शोध की."

लिसिआतेनं मान खाली घातली. त्याचे स्वतःचे कान तापले.

आता समुद्रातलं काय ते सांगितलं पाहिजे. बेटाबेटांमधून फिरणाऱ्या मालाच्या बोटीचा कप्तान फेआओ, विधुर, गलमिशावाला, आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर डोंगरीवरच्या शेळ्या उठतात. इतर बेटांवर माल खलाशी उतरवतात. आमच्याकडे शाळेच्या पुस्तकांचं पोतं कप्तान स्वतः पाठीवर घेऊन चढ चढतो, आणि उतरायला त्याला तासभर लागतो. हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. लिसिआतेला कोणी सांगितलं नव्हतं, कारण भावाला हे सांगायचं नसतं. पण काव्ह्याच्या बैठकीत तो जाऊन बसला की रंगात आलेल्या गप्पा एकदम हवामानावर यायच्या. हवामान एवढं बोलण्याजोगं नसतं. किती वेळा लोक गप्प होतात, यावरून त्यालाही कळलंच होतं. कळलं होतं आणि त्यानं ते मनात घडी करून ठेवून दिलं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. इथं बहीण ताकाला आली होती आणि भांडं लपवण्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं. लिसिआतेला तिची कणव आली. या बाईनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. आयुष्यात तिनं स्वतःसाठी ठेवलेली एक गोष्ट, तीही एका शब्दाएवढी, आणि ती नेमकी भावाच्या हातात सापडायची वेळ आली होती. यंत्र तर उघडायलाच हवं, मुलांचं वर्ष त्यात अडकलं होतं. पण ताईला आपल्यापुढे मान खाली घालावी लागता कामा नये, एवढं त्यानं ठरवलं.

"तो शब्द मला नको," तो मोठ्यानं म्हणाला, आत ऐकू जावं म्हणून. "जुना शब्द लागतच नाही. यंत्राला जुनं काही न विचारता नवा शब्द देता येतो. फक्त यंत्रासमोर बसावं लागतं."

पण यंत्र कुठं होतं हे तिघांनाही ठाऊक होतं.

"मग बस की जाऊन समोर," कुंपणापलीकडून आवाज आला. म्हातारा वाहा तिथं मासे साफ करत बसला होता, आणि त्याला दुपारभर याहून चांगली करमणूक मिळणार नव्हती.

"वाहाकाका, तुम्ही मासे बघा," लुपे म्हणाली.

"मासे मेलेत पोरी. ते कुठं जात नाहीत."

शेवटी ठरलं असं, की लुपे आत यंत्रासमोर बसेल, बाई तिच्या शेजारी, आणि लिसिआते ओट्यावर भिंतीला पाठ लावून एक एक अक्षर सांगेल. भिंत फळ्यांची. तिच्यातून ऐकू सगळं जातं, दिसत मात्र काही नाही, आणि आमच्या रीतीला तेवढं पुरतं.

"बंद करून चालू कर. चालू होताच 'ई एस सी' लिहिलेली कोपऱ्यातली कळ दाबत राहा. यादी येईल."

"यादी आली!"

"खालचा बाण दाबू नकोस, नुसतं 'ई' दाब."

"अगं बाई. लिसिआते, काय हे! भिंतभर इंग्रजी."

"घाबरू नकोस. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी ओळ शोध. लांबलचक असेल. तिच्या शेवटाला जा. तिथं 'आर ओ' असेल."

"आहे. आणि त्याच्यापुढं लिहिलंय, गप्प. खरंच गप्प असं लिहिलंय! हे मला म्हणतंय का?"

"यंत्राला म्हणतंय."

"बरं झालं बाई, मला वाटलं तूच आत लिहून ठेवलंस." ओट्यावर लिसिआते हसला, कुंपणापलीकडे वाहा हसला, आणि आत बाई हसल्या ते त्यानं ऐकलं. त्याला बरं वाटलं.

"'आर ओ' म्हणजे नुसतं वाच. त्याचं 'आर डब्ल्यू' कर, म्हणजे वाच आणि लिही. पुढचं गप्प वगैरे पुसून टाक. मग एक जागा सोड. आय, एन, आय, टी. बरोबरचं चिन्ह. मग तिरकी रेघ."

"तिरक्या रेघा दोन आहेत. एक अशी, एक तशी."

"वरचं टोक चर्चकडे कललेली."

"चर्चकडे. झाली. पुढं?"

"बी, आय, एन. पुन्हा तशीच रेघ, चर्चकडे. बी, ए, एस, एच. आता कंट्रोल धरून एक्स."

यंत्र गुरगुरलं. मग आतून लुपेची किंकाळी आली. "पांढरं पांढरं काहीतरी धावतंय! थांबलं. म्हणतंय, असं काही सापडत नाही. लिसिआते, मेलं का रे हे?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच थेट भिंतीतून आला, "लिसिआते, मुलांचे गुण?"

"गुण जागेवर आहेत ताई," तो म्हणाला. "आपण लिहिलं ते फक्त एका वेळेपुरतं असतं. यंत्र बंद केलं की ते विसरतं. काही बिघडलेलं नाही." आवाज त्यानं शांत ठेवला, पण तळहात त्यानं मांडीवर दोनदा पुसले. त्या म्हाताऱ्या तबकडीनं अशी किती चालूबंद सोसली असती, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. एखाद्या वेळी ती उठणारच नाही, आणि मग शब्द कोणता होता याला काही अर्थ उरणार नाही.

तो डोळे मिटून बसला. ओळ मनात लिहून पाहिली. आर डब्ल्यू बरोबर. नाव बरोबर. रेघ? रेघ चर्चकडेच कलते. तो आपल्या टेबलाशी बसला की चर्च उजव्या हाताला असतं आणि समुद्र डाव्या… आणि तिथं त्याचे डोळे उघडले.

"लुपे, टेबल कोणत्या भिंतीला आहे?"

"कोणत्या म्हणजे? पलंगापलीकडच्या. खिडकीखाली."

"तुझं तोंड कुठं आहे?"

"तोंड? जागेवर आहे. हां, तोंड होय… विहिरीकडे."

"म्हणजे चर्च तुझ्या डाव्या हाताला!" लिसिआतेनं कपाळावर हात मारला. त्याच्या घरी टेबलाशी बसणाऱ्याची पाठ विहिरीकडे असते. आमच्याकडे जेवताना मीठसुद्धा 'जरा समुद्राकडे सरकव' म्हणून मागतात. डावं-उजवं आम्ही फक्त चपला घालताना वापरतो. जी खोली इतक्या वर्षांत पाहिली नाही, तिच्यातली रेघ कुठं कलते हे त्याला कसं कळावं?

वाहा कुंपणावर रेलला. "ऑकलंडला जाऊन आला, आणि चर्च कुठंय ते विसरला."

"चर्च जागेवर आहे काका. टेबल फिरलंय."

"पापी माणसं असंच म्हणतात."

"लुपे," लिसिआते म्हणाला, "ज्या कळीवर प्रश्नचिन्ह आहे, ती रेघ. दोन्ही वेळा. पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा बंद, पुन्हा चालू. यंत्र उठायला वेळ लावू लागलं. कुंपणापलीकडे वाहाची सुरीही थांबली होती. मग लुपे म्हणाली, "यादी आली," आणि सगळ्यांनी श्वास सोडला. पुन्हा 'ई', पुन्हा ती लांब ओळ, आर डब्ल्यू, प्रश्नचिन्हाच्या कळीची रेघ. कंट्रोल, एक्स.

"काळं झालं सगळं. वर एक ओळ आहे, शेवटी ती दोन आडव्या दोन उभ्या काड्यांची जाळी. आणि काहीतरी लुकलुकतंय."

"मिळालं," लिसिआते पुटपुटला. "आता घर आपलं आहे. लिही. पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी. जागा. मग मुख्य खात्याचं नाव."

"लिहिलं. आता नवा शब्द मागतंय."

"आता नवा शब्दही असाच ओरडून सांगणार का रे?" वाहानं विचारलं. "नाही म्हणजे, मी बहिरा नाही आणि पलीकडच्या घरातही कोणी बहिरं नाही."

म्हातारा चावट होता, पण त्या वेळी शहाण्यासारखं बोलला. लिसिआते उठला.

"लुपे, बाहेर ये. आता ताईच एकट्या लिहितील. ताई, नवा शब्द दोनदा लिहायचा. लिहिताना पडद्यावर काहीच दिसणार नाही, ठिपकासुद्धा नाही. बिघडलंय असं समजू नका, ते तसंच असतं. तो शब्द कोणाला म्हणजे कोणालाच दाखवायचा नाही म्हणून."

तो आणि लुपे अंगण ओलांडून पार विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. तिथं कळांचा आवाज येत नव्हता. लुपे त्याच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "अर्धा शब्द मला ठाऊक आहे. सांगू?"

"सांगितलास तर आज जेवण तू त्या वाहाच्या घरी जेव."

"तुला जाणून घ्यायचंच नाही?"

"लुपे, मी हे काम किती वर्षं करतोय. शब्द कळून काय होतं? डुकराचं नाव कळतं. दार उघडलं म्हणजे झालं."

लुपे त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं चिमटा काढलेली जागा चोळून दिली.

घरातून हाक आली, "झालं. दोन्ही वेळा लिहिलं." त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. लुपेनं नंतर मला सांगितलं की वन्सं लिहिताना एकट्याच हसत असाव्यात, कारण ती आत गेली तेव्हा हसू अजून चेहऱ्यावर होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पुढचं काम सरळ होतं. लिहिलेलं जागच्या जागी बसू दे असा एक हुकूम, नव्यानं सुरू हो असा दुसरा. यंत्र उठलं. नेहमीचं निळं आकाश आणि माडांचं चित्र पडद्यावर आलं. बाईंनी प्रोग्रॅम बसवायला घेतला, यंत्रानं मुख्य शब्द मागितला, बाईंनी दिला, आणि ते मुकाट्यानं कामाला लागलं. मोबाइलचं कनेक्शन जोडून त्यांनी गुण पाठवायला सुरुवात केली. आमचं इंटरनेट म्हणजे ओहोटीच्या वेळची होडी, ढकलावी लागते. पण उन्हं नारळांच्या शेंड्यांवर गेली तेव्हा 'पोचलं' असं उत्तर आलं. लुपेनं आतूनच टाळ्या वाजवल्या, वाहानंही, सुरी हातात ठेवून.

लिसिआते कमरेची चटई सारखी करून निघायच्या बेतात होता. तेवढ्यात लुपे दारात आली.

"वन्सं एक विचारतायत. तो जुना शब्द. तो आता कोणाला, कधी, कुठून तरी वाचता येईल का? पुढं मागं यंत्र उघडलं, तबकडी बदलली, तू बदललीस, तेव्हा?"

लिसिआते दारापासून तोंड फिरवून, समुद्राकडे बघत बोलला. "त्यांना सांग, नाही. मला नाही, ज्यानं यंत्र बनवलं त्यालाही नाही. यंत्र शब्द ठेवतच नाही. शब्दाचा कीस ठेवतं. किसलेल्या खोबऱ्यातून पुन्हा नारळ उभा करता येत नाही, तसं आहे ते. आणि आता तर तो कीसही राहिला नाही. तो शब्द आता फक्त त्यांच्यापाशी आहे."

लुपे दारातच उभी होती. मग आत खुर्ची सरकली, आणि मेलेसेइनीबाई स्वतः ओट्यावर आल्या. लुपेच्या बाजूनं पुढे होऊन त्या भावासमोर चटईवर बसल्या, ताठ, जशा शाळेत बसतात. मान खाली नव्हती.

"लिसिआते."

"जी ताई."

"रविवारी चर्चनंतर माझ्याकडे जेवायला पाहुणे आहेत. बोट शनिवारी लागते, तिच्यातूनच येतील." त्यांनी चटईची कड सारखी केली. "तू सकाळी भट्टी पेटव. डुक्कर भाजायला लावायचंय."

डुक्कर कधी लावतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जेवायला नुसता कोणी आला तर कोंबडी होते, फार तर मासा. लहान डुक्कर मानाच्या माणसाला. आणि मोठं, ते फक्त दोन घरं एक होताना. कुंपणापलीकडे वाहानं जन्मात पहिल्यांदा तोंड मिटलं.

लिसिआतेनं जमिनीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला पुसता येत नव्हतं, कारण मग ताईला दिसलं असतं. तो इतक्या वर्षांत बहिणीला कधी न विचारलेली गोष्ट विचारत होता आणि ती विचारण्याची एकच रीत होती.

"लहान लावू की मोठं, ताई?"

"मोठं," बाई म्हणाल्या.